साध्या वेबसाइटला एसएसएल सर्टिफिकेट लागतं का? ठरवण्यापासून बसवण्यापर्यंत, क्रमाने

'आमच्या साइटवर लॉगिन नाही, पैसे घेत नाही. चार पानं, काही फोटो आणि एक फोन नंबर. मग सर्टिफिकेट कशाला?' वाचनालयं, होमस्टे, गृहनिर्माण संस्था, क्लासवाले, छोटे दुकानदार सगळे हाच प्रश्न विचारतात. एसएसएल सर्टिफिकेट म्हणजे वाचकाचा ब्राउझर आणि तुमची साइट यांच्यातली जोडणी सुरक्षित करणारं डिजिटल ओळखपत्र. उत्तर एका ओळीत द्यायचं तर असं: साइट इंटरनेटवर कोणालाही उघडता येत असेल तर सर्टिफिकेट लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते फुकट मिळतं.

तरीही लोक चुकतात. काही जण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी दरवर्षी हजारो रुपये भरतात. काही जण होस्टिंगच्या (साइटच्या फाइली ठेवणाऱ्या सेवेच्या) पॅनेलमधलं एक बटण दाबून मोकळे होतात; मग निम्मे फोटो दिसेनासे होतात आणि तीन महिन्यांनी साइटवर लाल इशारा झळकतो. यातल्या बहुतेक चुका अज्ञानापेक्षा क्रम चुकल्यामुळे होतात. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. पॅनेलमध्ये कुठे एसएसएल लिहिलेलं असेल, कुठे टीएलएस. आपल्या कामापुरतं दोन्ही एकच समजा.

## टप्पा १: लागतं की नाही, हे ठरवा

'आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही' हे कारण ऐकायला पटतं, पण अपुरं आहे. सर्टिफिकेट दोन कामं करतं. वाटेत कोणाला मजकूर वाचू देत नाही आणि वाटेत कोणाला मजकूर बदलू देत नाही. साध्या साइटला दुसऱ्या कामाची गरज जास्त असते. २०१५ मध्ये आपल्याकडच्या एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या थ्रीजी जाळ्यावर ग्राहक जी पानं उघडत होते, त्यांत परका कोड घुसवला जात असल्याचं उघड झालं होतं. साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे सर्टिफिकेट नसलेल्या उघड्या जोडणीवरून, जाणाऱ्या पानात असं काहीही घालता येतं: जाहिरात, बनावट फोन नंबर, किंवा देणगीसाठी लावलेल्या यूपीआय क्यूआर कोडच्या जागी दुसराच कोड. साइट तुमच्या नावाची असते, त्यामुळे ओरडाही तुमच्याच नावाने होतो.

आता कागदावर या प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. साइट बाहेरच्या कोणालाही उघडता येते का? हो असेल तर सर्टिफिकेट हवं. जुलै २०१८ मध्ये आलेल्या क्रोम ६८ पासून सर्टिफिकेट नसलेल्या प्रत्येक साइटवर 'नॉट सिक्युअर' असं लिहून येतं. आता गूगलने जाहीर केलं आहे की ऑक्टोबर २०२६ मध्ये येणाऱ्या क्रोम १५४ पासून अशी सार्वजनिक साइट पहिल्यांदा उघडताना क्रोम आधी परवानगी विचारेल. होमस्टे शोधणारा पाहुणा ती परवानगी देत बसणार नाही, मागे जाऊन दुसरा होमस्टे बघेल.

२. साइटवर एखादा फॉर्म आहे का? नाव आणि मोबाइल नंबर घेणारा 'संपर्क करा' फॉर्मसुद्धा धरायचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे अशी माहिती गोळा करणाऱ्याने वाजवी सुरक्षा ठेवणं बंधनकारक आहे; त्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एखाद्या वाचनालयाला कोणी इतका दंड लावणार नाही हे उघड आहे. पण सभासदांचे नंबर उघड्यावर पाठवायचे नाहीत, एवढा बोध घ्यायला हरकत नाही.

३. तुम्ही स्वतः साइटमध्ये लॉगिन करता का? हे सगळेच विसरतात. 'लॉगिन नाही' म्हणजे वाचकांना लॉगिन नाही. पण वर्डप्रेससारख्या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सूचना टाकायला सेक्रेटरी पासवर्ड टाकतातच, आणि सर्टिफिकेट नसेल तर तो पासवर्ड स्टेशनवरच्या फुकट वायफायवरून उघडाच जातो.

४. पानाला वाचकाचं लोकेशन, कॅमेरा, नोटिफिकेशन किंवा ऑफलाइन सोय हवी आहे का? या सोयी ब्राउझर सुरक्षित जोडणीशिवाय देतच नाहीत.

५. डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, शेवटी डॉट ॲप किंवा डॉट डेव्ह आहे का? असेल तर विचारच संपला. ही डोमेनं ब्राउझर फक्त एचटीटीपीएसवर, म्हणजे सर्टिफिकेटच्या सुरक्षित जोडणीवर, उघडतात.

मग कोणाला नाही लागत? स्वतःच्या संगणकावर लोकलहोस्टवर चालणाऱ्या कच्च्या साइटला नाही लागत. एकाच खोलीत, एकाच केबलवर चालणाऱ्या आणि बाहेरून न दिसणाऱ्या पुस्तकनोंदीच्या सॉफ्टवेअरला बहुधा नाही. मात्र तेच सॉफ्टवेअर सगळ्यांना दिलेल्या वायफायवरून वापरत असाल तर पुन्हा विचार करा. ज्या डोमेनवर साइटच नाही, फक्त नाव राखून ठेवलंय, त्यालाही नाही.

सावधान: जुन्या डोमेनवरून नव्या डोमेनकडे नुसतं पाठवत असाल, तरी त्या जुन्या डोमेनलाही सर्टिफिकेट लागतं. वाचक जुन्या पत्त्यावर एचटीटीपीएसने आला की ब्राउझर आधी सर्टिफिकेट मागतो आणि मगच पुढे जातो. 'तिथे काहीच नाही' म्हणून ते सोडून दिलं, तर जुन्या पत्रकांवरचे सगळे पत्ते इशाऱ्यावर जाऊन अडकतात.

आणि एक गैरसमज इथेच मिटवू. सर्टिफिकेट रस्त्यावर पहारा देतं, घराला कुलूप लावत नाही. जुनं प्लगइन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम), 'ॲडमिन१२३' सारखा पासवर्ड यांतून साइट हॅक व्हायची ती होणारच. फसवणुकीच्या साइटवरही सर्टिफिकेट असतं.

## टप्पा २: ते आधीच आहे का, ते बघा

नवीन काही घेण्याआधी हे बघायलाच हवं. बऱ्याच होस्टिंगवर सर्टिफिकेट आधीच बसलेलं असतं, फक्त साइट तिकडे वळवलेली नसते.

मोबाइल डेटावर, इनकॉग्निटो खिडकीत, आपला पत्ता पुढे एचटीटीपीएस लावून उघडा. एकदा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून, एकदा न लावता. कुलपाचं चित्र शोधू नका. क्रोमने ते २०२३ मध्येच काढलं आणि त्या जागी दोन आडव्या रेषांसारखं चिन्ह आणलं. त्या चिन्हावर दाबून सर्टिफिकेटचा तपशील उघडा आणि तीन गोष्टी टिपून ठेवा: कोणत्या नावासाठी आहे, कोणी दिलं आहे, कधी संपतं.

दोन्ही पत्ते नीट उघडले तर टप्पा ३ ते ५ सोडा आणि थेट सहाव्यावर जा. एक पत्ता उघडला आणि दुसऱ्यावर इशारा आला, तर सर्टिफिकेटमध्ये एकच नाव आहे. इशाऱ्यात होस्टिंग कंपनीचंच नाव दिसलं, तर तुमच्या डोमेनसाठी सर्टिफिकेट अजून निघालेलंच नाही. आणि पान उघडतच नसेल, तर सर्व्हरवर ४४३ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे एचटीटीपीएसचं दार, बंद असावं.

ब्लॉगर, वर्डप्रेस डॉट कॉम, गिटहब पेजेस, नेटलिफाय यांच्यावर साइट असेल तर सर्टिफिकेट तेच देतात. स्वतःचं डोमेन जोडलं असेल तर मात्र सेटिंगमध्ये डोकवावं लागतं. ब्लॉगरमध्ये 'एचटीटीपीएस अव्हेलेबिलिटी' आणि 'एचटीटीपीएस रिडायरेक्ट' अशी दोन वेगळी बटणं आहेत आणि लोक पहिलंच चालू करून थांबतात. गिटहब पेजेसवर 'एन्फोर्स एचटीटीपीएस' ही खूण डोमेनच्या नोंदी जुळेपर्यंत फिकी दिसते. एक दिवस थांबा. दर दहा मिनिटांनी डोमेन काढून पुन्हा जोडू नका.

## टप्पा ३: कोणतं घ्यायचं आणि पैसे द्यायचे का

सर्टिफिकेट तीन प्रकारचं मिळतं. डीव्हीमध्ये डोमेन तुमच्या ताब्यात आहे एवढंच तपासतात, ओव्हीमध्ये संस्थाही तपासतात, ईव्हीमध्ये ती तपासणी आणखी कडक असते. मजकूर झाकण्याची ताकद तिन्हींत सारखीच. ईव्ही घेतलं की पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव दिसायचं, पण क्रोम आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये तेही तिथून काढलं. त्यामुळे वाचनालय, होमस्टे, सोसायटी, क्लास यांच्यासाठी डीव्ही पुरे. एखाद्या निविदेत किंवा बँकेच्या अटीत ओव्ही स्पष्ट मागितलं असेल तरच ते घ्या.

लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा तत्त्वावर चालणारी सेवा डीव्ही सर्टिफिकेट फुकट देते. तिचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि ते आपोआप नवं होत राहावं अशीच सगळी रचना आहे. 'फुकटचं आहे म्हणजे कच्चं असणार' असं विक्रेता सांगेल. जोडणी सुरक्षित करण्याच्या बाबतीत ते पैसे देऊन घेतलेल्या डीव्हीइतकंच पक्कं आहे.

होस्टिंग कंपनी फुकट सर्टिफिकेट लावूच देत नसेल, तर दोन आकडे शेजारी मांडा: सर्टिफिकेटची वर्षाची किंमत आणि दुसऱ्या होस्टिंगवर जाण्याचा खर्च. चार पानांच्या साइटसाठी मी होस्टिंग बदलायलाच सांगतो. जी कंपनी आज याचे पैसे लावते, ती उद्या बॅकअपचेही लावते.

सावधान: 'तीन वर्षांचं सर्टिफिकेट घ्या, कटकट संपली' या बोलीला भुलू नका. पैसे तीन वर्षांचे घेतील, पण एक सर्टिफिकेट तेवढं टिकत नाही. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या सामायिक नियमानुसार १५ मार्च २०२६ पासून दिलेल्या सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे विकत घेतलेलंही वर्षातून अनेकदा नव्याने बसवावं लागणार. आपोआप नवं होण्याची सोय आहे का, हाच प्रश्न विक्रेत्याला पहिल्यांदा विचारा. किमतीचं नंतर.

वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या उपडोमेनांना (मूळ नावाआधी 'मेल' वगैरे लावून केलेल्या पत्त्यांना) चालणारं सर्टिफिकेट, साध्या साइटला नको. तुम्हाला दोनच नावं हवीत: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय. शिवाय वाइल्डकार्डमध्ये मूळ डोमेन आपोआप येत नाही, ते वेगळं लिहावं लागतं. हे माहीत नसल्याने महागडं सर्टिफिकेट घेऊनही मुख्य पत्ताच बंद पडलेला सापडतो.

तुमचे वाचक फार जुने फोन वापरत असतील तर आणखी एक तपासणी. ७.१.१ च्या आधीचं अँड्रॉइड लेट्स एन्क्रिप्टचं मूळ सर्टिफिकेट ओळखत नाही, आणि त्यावर काढलेली तात्पुरती तोड २०२४ मध्ये संपली. गावातल्या योजनेची माहिती देणारी साइट असेल तर अशा एखाद्या फोनवर उघडून बघाच.

## टप्पा ४: तयारी

प्रत्यक्ष बसवायला अर्धा तास पुरतो. खरा वेळ इथे जातो.

आधी चार लॉगिन हाताशी आणा: डोमेन जिथून घेतलं तिथलं, डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं याच्या नोंदी) जिथे सांभाळलं जातं तिथलं, होस्टिंगचं आणि साइटच्या ॲडमिनचं. पहिली दोन अनेकदा एकाच ठिकाणी असतात, पण नेहमी नाही. संस्थांमध्ये नेहमीचा घोळ असा, की डोमेन आधीच्या सेक्रेटरींच्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं आणि मुलगा आता पुण्याला किंवा परदेशात असतो. त्याला आधी फोन करा. डोमेन संस्थेच्या ईमेलवर आल्याशिवाय पुढचं काम सुरू करू नका, कारण सर्टिफिकेटपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

मग बॅकअप. फाइली आणि डेटाबेस दोन्ही, आणि आपल्या संगणकावर उतरवून. होस्टिंगच्याच सर्व्हरवर ठेवलेल्या प्रतीला बॅकअप म्हणू नये.

आता डीएनएसच्या नोंदी उघडा आणि हे बघा:

- मूळ नाव आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू दोन्ही सध्याच्या सर्व्हरकडे जातात का?
- 'एएएए' नावाची नोंद आहे का? ती आयपीव्ही६, म्हणजे सर्व्हरच्या नव्या पद्धतीच्या पत्त्याची असते. होस्टिंग बदलताना लोक जुन्या पद्धतीच्या पत्त्याची 'ए' नोंद बदलतात आणि ही जुनीच राहते. तुमच्या फोनवर साइट दिसते, पण लेट्स एन्क्रिप्ट तपासणीला आधी आयपीव्ही६ वर जातं, जुन्या सर्व्हरवर पोहोचतं आणि नकार देतं. वापरात नसेल तर ती नोंद काढून टाका.
- 'सीएए' नोंद आहे का? कोणत्या संस्थेने सर्टिफिकेट द्यायचं हे ती ठरवते. आधीच्या कोणीतरी दुसऱ्याच कंपनीचं नाव घालून ठेवलं असेल, तर तुमची मागणी फेटाळली जाईल. नोंदच नसेल तर अडचण नाही.

डोमेन देवनागरीत, डॉट भारत असेल, तर सर्टिफिकेट मागताना नाव देवनागरीत न लिहिता त्याचं 'एक्सएन' ने सुरू होणारं रोमन रूप द्यावं लागतं. ते डोमेनच्या पॅनेलमध्ये असतं. तिथूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका.

सावधान: दिलं गेलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत चढतं आणि त्यातली नावं कोणालाही शोधता येतात. 'पत्ता कोणाला माहीत नाही' या भरवशावर एखाद्या उपडोमेनवर हिशोबाच्या फाइली ठेवल्या असतील, तर सर्टिफिकेट काढण्याआधी त्या हलवा.

दिवस निवडताना निकालाचा, प्रवेशाचा, गणपतीच्या किंवा मे महिन्याच्या बुकिंगचा काळ टाळा. मंगळवारची दुपार उत्तम. शुक्रवारी रात्री करू नका, कारण काही बिघडलं तर होस्टिंगवाला सोमवारीच भेटतो.

## टप्पा ५: सर्टिफिकेट बसवा, बाकी काहीही बदलू नका

शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) आणि सीपॅनेल नावाचं पॅनेल असेल तर: 'एसएसएल/टीएलएस स्टेटस' पानावर जा, दोन्ही नावांवर खूण करा आणि 'रन ऑटोएसएसएल' दाबा. काम 'मेल', 'वेबडिस्क' अशा उपडोमेनांवर अडकत असेल तर त्यांच्यावरची खूण काढा. साइटला त्यांची गरज नाही. हे पानच दिसत नसेल, तर होस्टिंगला एका ओळीत लिहा: 'आमच्या डोमेनसाठी फुकट सर्टिफिकेट आणि त्याचं आपोआप नूतनीकरण चालू करा.'

स्वतःचा सर्व्हर असेल तर: सर्टबॉट हा लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट काढणारा आणि नवं करणारा प्रोग्राम वापरा. आधी चाचणीची धाव घ्या, तिच्यासाठी वेगळी सोय आहे. थेट खऱ्यावर प्रयोग केले तर मर्यादा आड येतात: एका नावाची तपासणी तासात पाच वेळा फसली की थांबावं लागतं, आणि तीच नावं असलेली सर्टिफिकेटं सात दिवसांत पाचच मिळतात. 'होत नाही' म्हणून तीच आज्ञा चिडून पुन्हा पुन्हा देणारे इथेच अडकून पडतात.

वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधोमध क्लाउडफ्लेअर ही सेवा लावलेली असेल तर: एसएसएलच्या सेटिंगमध्ये 'फ्लेक्सिबल' निवडू नका. त्यात वाचकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंतचाच रस्ता झाकला जातो. तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत सगळं उघडं. वाचकाला मात्र सगळं सुरक्षित दिसतं. 'फुल स्ट्रिक्ट' निवडा आणि मूळ सर्व्हरवरही सर्टिफिकेट बसवा. क्लाउडफ्लेअर त्यासाठी वेगळं सर्टिफिकेट फुकट देतं.

डोमेन तुमच्या ताब्यात आहे याची तपासणी फसली तर कारण बहुधा यांतलं एक असतं: डोमेन अजून जुन्या सर्व्हरकडे आहे, ती एएएए नोंद, साइटवर 'लवकरच येत आहोत' म्हणून पासवर्ड लावलाय, डॉटने सुरू होणारे फोल्डर अडवणारा नियम कोणीतरी घातलाय, आणि तपासणीची फाइल नेमकी तसल्याच फोल्डरमध्ये असते, किंवा 'असुरक्षित आहे' म्हणून ८० क्रमांकाचं पोर्ट बंद केलंय. नेहमीची तपासणी ८० वरूनच होते. ते उघडं ठेवा, वाचकांना ४४३ कडे वळवणं पुढच्या टप्प्यात आहे.

सावधान: सर्टिफिकेटसोबतची प्रायव्हेट की, म्हणजे त्याची गुप्त किल्ली असलेली फाइल, व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने कोणालाही पाठवू नका, होस्टिंगच्या माणसालाही नाही. एकदा पाठवली असेल तर ती उघड झाली असं धरा आणि नवी की करून सर्टिफिकेट नव्याने काढा.

तपासा: आता साइट एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्हींवर उघडायला हवी. दोन्ही नावांवर. इथे इशारा येत असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: पानांच्या आतले पत्ते दुरुस्त करा

घाई करणारे हा टप्पा गाळतात. पान एचटीटीपीएसवर आलं, पण त्यातला फोटो, स्क्रिप्ट, फॉन्ट किंवा नकाशाची चौकट जुन्या एचटीटीपी पत्त्यावरून मागवली जात असेल, तर त्याला मिक्स्ड कंटेंट म्हणतात. स्क्रिप्ट आणि चौकटी ब्राउझर सरळ अडवतो. फोटो तो एचटीटीपीएसवरून आणून बघतो, नाही मिळाले तर रिकामी जागा सोडतो. मेनू उघडत नाही, नकाशा गायब, फोटोंचा स्लाइडर थिजलेला: ही त्याचीच लक्षणं.

संगणकावर क्रोममध्ये पान उघडा, एफ१२ दाबा, 'कन्सोल' मध्ये 'मिक्स्ड कंटेंट' असे शब्द असलेल्या ओळी बघा. नुसतं मुख्य पान नको. फोटोंचं पान, संपर्काचं पान आणि एखादी चार वर्षांपूर्वीची सूचनाही उघडा. जुनी पानंच जास्त बिघडलेली असतात.

वर्डप्रेस ५.७ किंवा नंतरचं असेल तर 'साइट हेल्थ' मध्ये साइट एचटीटीपीएसवर नेण्याचं बटण येतं. ते बहुतेक काम करून टाकतं. उरलेल्या पत्त्यांसाठी शोधा-बदला प्लगइन वापरा. डेटाबेसमध्ये शिरून सरसकट बदल करू नका. वर्डप्रेस काही सेटिंग अशा स्वरूपात साठवतं की त्यात अक्षरांची संख्याही लिहिलेली असते. एचटीटीपीचं एचटीटीपीएस झालं की एक अक्षर वाढतं, संख्या जुळत नाही आणि विजेट, थीमची सेटिंग उडतात. चांगलं प्लगइन ती संख्याही दुरुस्त करतं.

हाताने लिहिलेली एचटीएमएल साइट असेल तर काम सोपं आहे. सगळ्या फाइलींत आपल्याच डोमेनचा जुना पत्ता शोधून बदला. दुसऱ्यांच्या साइटकडे जाणाऱ्या साध्या लिंक तशाच राहू द्या. त्यांच्याकडे एचटीटीपीएस नसेल तर तुमची लिंकच मोडेल. पानात ओढून आणलेल्या गोष्टी मात्र एचटीटीपीएसवरच्याच हव्यात, आणि मिळत नसतील तर ती फाइल परवानगी असल्यास आपल्या सर्व्हरवर ठेवा.

तपासा: संपर्काचा फॉर्म स्वतः भरून पाठवा. पान सुरक्षित आणि फॉर्म जिथे जातो तो पत्ता जुना, असं नेहमी घडतं.

## टप्पा ७: आता सगळ्यांना वळवा

दोन्हींकडे सगळं नीट दिसलं की मगच रिडायरेक्ट, म्हणजे एचटीटीपीवर आलेल्याला आपोआप एचटीटीपीएसकडे वळवणारा नियम. आधी तात्पुरतं, म्हणजे ३०२, लावून बघा आणि दोन दिवसांनी कायमचं ३०१ करा. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो; चुकीचं लावलं तर तुम्ही दुरुस्त केल्यावरही काही वाचकांना जुनंच दिसत राहतं.

रिडायरेक्ट एकाच ठिकाणी लावा: होस्टिंगच्या पॅनेलमध्ये, किंवा सर्व्हरच्या फाइलीत, किंवा प्लगइनमध्ये, किंवा क्लाउडफ्लेअरमध्ये. तीन ठिकाणी लावलं की नियम एकमेकांकडे टोलवाटोलवी करतात आणि 'टू मेनी रिडायरेक्ट्स' येतं. क्लाउडफ्लेअर 'फ्लेक्सिबल' वर असताना मूळ सर्व्हरवर रिडायरेक्ट लावलं तरी हेच होतं.

आतल्या पानाचा जुना पत्ता त्याच पानाच्या नव्या पत्त्यावर गेला पाहिजे. सगळं मुखपृष्ठावर पाठवणारी सेटिंग काही पॅनेलमध्ये असते, ती घेऊ नका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सगळ्या जुन्या लिंक त्याने वाया जातात.

तपासा: चार रूपं एकेक करून टाइप करा. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, प्रत्येक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय. चारही एकाच अंतिम पत्त्यावर पोहोचायला हवीत.

एचएसटीएस नावाची आणखी एक पायरी आहे. तिने ब्राउझरला सांगितलं जातं की अमुक काळ ही साइट फक्त एचटीटीपीएसवरच उघड. चांगली आहे, पण घाईची नाही. महिनाभर सगळं सुरळीत चालल्यावर आधी ३०० सेकंदांची मुदत द्या, मग एक दिवस, मग काही आठवडे. वर्षभराची मुदत आणि ब्राउझरच्या कायमच्या यादीत नाव घालणं साध्या साइटने टाळलेलं बरं. त्या यादीतून नाव काढायला महिने लागतात, आणि तोवर एखाद्या उपडोमेनला सर्टिफिकेट नसेल तर ते बंदच.

## टप्पा ८: बाहेरच्या नोंदी

हे पटकन उरका. गूगल सर्च कन्सोलमध्ये (गूगलच्या शोधात आपली साइट कशी दिसते ते बघायची सोय) फक्त एचटीटीपी पत्त्याची नोंद असेल तर नवी घाला, किंवा पूर्ण डोमेनची नोंद करा म्हणजे पुन्हा बघायला नको. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, नव्या पत्त्यांचा द्या. गूगल मॅप्सवरची तुमची नोंद, फेसबुक पान, ईमेलच्या खालची सही यांतले पत्ते बदला. छापलेले क्यूआर कोड आणि पत्रकं बदलायची गरज नाही, रिडायरेक्ट त्यासाठीच आहे. तो मात्र कधीच काढू नका.

## टप्पा ९: नूतनीकरण चालतंय का, यावर नजर

लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी सर्टिफिकेट संपायच्या आधी ईमेल पाठवायचं. जून २०२५ पासून ते बंद झालं. म्हणून ही जबाबदारी आता तुमच्या कॅलेंडरची.

९० दिवसांचं सर्टिफिकेट साधारण ३० दिवस उरले की आपोआप नवं होतं. म्हणजे कधीही बघितलं तरी महिनाभर किंवा जास्त मुदत शिल्लक दिसली पाहिजे. २० पेक्षा कमी दिवस उरलेले दिसले, तर नूतनीकरण अडलंय असं समजा आणि संपण्याची वाट न बघता कारण शोधा. दर महिन्याच्या एक तारखेला ही तारीख बघण्याची आठवण दोन वेगळ्या माणसांच्या फोनवर लावा. एकच माणूस असेल तर तो नेमका तेव्हाच गावी गेलेला असतो.

तारीख ब्राउझरमध्येच बघा, सर्व्हरवर नको. सर्टबॉटने नवं सर्टिफिकेट आणलेलं असतं, पण वेब सर्व्हरने ते पुन्हा वाचलेलं नसतं. फाइल नवी आणि वाचकाला दिसतं जुनं. सर्व्हर रीलोड करणारी ओळ नूतनीकरणाच्या आज्ञेत आहे का, ते तपासून घ्या. दुसरी कारणं बाहेरची असतात: होस्टिंग बदललं, डीएनएस दुसरीकडे नेलं, नवीन सुरक्षा प्लगइनने तपासणीचा फोल्डर अडवला. यांतलं काहीही केलं की त्याच दिवशी नूतनीकरणाची चाचणी घ्या. डोमेनची स्वतःची मुदतही त्याच कॅलेंडरमध्ये लिहा. डोमेन संपलं तर सर्टिफिकेट असूनही उपयोग नाही.

सर्टिफिकेट संपलंच, तर वाचकांना 'ॲडव्हान्स्डवर दाबून पुढे जा' असा निरोप पाठवू नका. लोकांना इशारे ओलांडायची सवय लागते, आणि एचएसटीएस चालू असेल तर तो पर्याय दिसतही नाही. पॅनेलमधून सर्टिफिकेट नव्याने काढा. नोंदी बरोबर असतील तर ते काही मिनिटांत मिळतं.

आणि तक्रार एकाच माणसाची असेल, बाकी सगळ्यांना साइट नीट दिसत असेल, तर सर्व्हरला हात लावण्याआधी त्याला फोनवरची तारीख आणि वेळ बघायला सांगा. तारीख मागे किंवा पुढे गेलेली असली की चालू सर्टिफिकेटही त्या फोनला अवैध वाटतं.